चपला घालेपर्यंतचा वेळ

शुभदा गेल्याची बातमी मला तिच्या घरून नव्हे, तारापूरजवळच्या आमच्या गावच्या दवाखान्यातल्या सिस्टरांकडून कळली. "आपली घड्याळवाली बाई गेली हो," एवढंच त्या फोनवर बोलल्या...

पालघरच्या कॉलेजात आम्ही एका वर्गात होतो. मी वर्तमानपत्रात गेलो. तिनं वेगळंच काम धरलं. दवाखान्यात बसायचं आणि कर्मचाऱ्यांचा वेळ कशात जातो ते मोजायचं. तपासणी, औषधं, नोंदी. टेबल सोडलं की रिकामा वेळ, असा नियम. या दवाखान्यात दोन सिस्टर होत्या. रिकामा वेळ जास्त निघाला तर एकीला बोईसरला हलवायचं ठरलं होतं. त्याची बातमी करायला मी एका सकाळी शुभदाशेजारी जाऊन बसलो. मासळी विकून आलेली एक मावशी खोकल्याच्या गोळ्या घेऊन उठली. शुभदानं घड्याळ थांबवलं. "ही कोन? गाडी चुकंल काय हिची?" मावशीनं टोमणा मारला. सगळे हसले. मग दारात चपलेत पाय सरकवत ती रेंगाळली. "बाय, आनखी येक हाय..." सिस्टर टेबल सोडून व्हरांड्यात गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत. आमच्या किनाऱ्यावरच्या बायकांची ही रीतच आहे. आत खोकला सांगायचा, खरं दुखणं उंबऱ्यावर.

दुसऱ्या दिवशी शुभदानं आपली खुर्ची दाराशी नेली आणि मोजणी पहिल्यापासून सुरू केली. काम लांबलं. "व्हरांड्यातल्या गप्पा कसल्या मोजता?" तिचे वरचे साहेब चिडले. "सर, तपासणी तिथंच सुरू होते," ती म्हणाली आणि मोजत राहिली. दोन्ही सिस्टर दवाखान्यात राहिल्या.

पुढं माझी आई गुडघ्याच्या गोळ्या आणायला तिथं गेली, आणि निघताना, चपला घालता घालता, छातीतल्या गाठीबद्दल बोलली. घरात आम्हाला तिनं काही कळू दिलं नव्हतं. सिस्टरांना ऐकायला सवड होती, म्हणून उपचार वेळेत झाले. मी आभार मानले तेव्हा शुभदा म्हणाली, "मी घड्याळ जरा उशिरा बंद केलं, एवढंच रे."

खुर्ची अजून दाराशीच आहे. आता चपला घालायला बायका तिच्यावर टेकतात. परवा आईला तपासणीला नेलं होतं. निघताना ती त्या खुर्चीवर बसली, एक चप्पल घातली, दुसरी हातातच धरली. "तू हो फुडं," ती मला म्हणाली. सिस्टर टेबलावरून उठल्या. मी बाहेर जाऊन थांबलो.