सात पैकी सात हजर

मी याद्या करणारी बाई आहे. भाजीची यादी, फराळाची यादी, गावाला निघताना बंद करायच्या नळांची आणि बटणांची यादी. आमच्या घरी लिंबू-मिरची येते ती भाजीच्या पिशवीतून, दाराला कधी लागलेली नाही. या सदरातले गूढ अनुभव मी आवडीने वाचते, पण वाचताना मनात म्हणत असते — झोप झाली नसेल, बीपी वाढलं असेल. तेव्हा माझ्याबद्दल कोणी तसंच म्हटलं तर माझी तक्रार नाही. जे झालं ते क्रमाने लिहिते, एवढंच.

जळगावहून भुसावळकडे निघालं की नशिराबादच्या अलीकडे हायवेला लागून एक खासगी कॉलेज आहे. नाव लिहीत नाही. तिथे मी एकोणीस वर्षं ऑफिस सुपरिंटेंडेंट आहे आणि परदेशी विद्यार्थ्यांचं टेबलही माझ्याकडेच आहे. ही मुलं व्हिसावर शिकायला येतात. कोणी हॉस्टेलला उतरलं की चोवीस तासांत ऑनलाइन कळवायचं, मग पोलिसांच्या परदेशी नागरिक नोंदणी शाखेत नेऊन नोंद करायची, मुदत संपण्याआधी वाढीची फाइल करायची, आणि कोणी न सांगता नाहीसं झालं तर तेही चोवीस तासांत कळवायचं. याशिवाय दर सोमवारी मी सगळ्यांना टेबलाशी बोलावून यादीवर टिक करते. हे कोणत्या नियमात नाही, माझी पद्धत.

आणखी एक पद्धत होती. सगळ्यांचे पासपोर्ट आणि नोंदणीची मूळ कागदपत्रं मी माझ्या लोखंडी कपाटात ठेवायची. पूर्वी एका मुलाचा पासपोर्ट बसमध्ये हरवला होता, तेव्हा चार महिने आम्ही हेलपाटे मारले. म्हणून, सगळे सुरक्षित राहावेत यासाठी. पासपोर्ट हवा असेल तर छापील चिठ्ठी भरायची — नाव, कारण, कुठे जाणार, परत कधी देणार. पासपोर्ट असे काढून घेणं चूक आहे, हे मला आज माहीत आहे. तेव्हा माहीत नव्हतं असंही नाही… सोयीचं होतं.

त्या वर्षी सात जण होते. त्यातली ग्रेस टांझानियाची, शेवटच्या वर्षाला. मेसच्या बायकांकडून मराठी शिकलेली, कानात कायम पिवळे मणी. सकाळी दहाला दारातून डोकावून विचारायची, "मॅडम, जेवला का?" मी म्हणायची, "अगं, जेवलात का म्हणतात. आणि दहाला कोण जेवतं?" दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिच्या व्हिसाची वाढ व्हायची होती, फाइल पोलिसांकडे गेलेली. घरातली कॉलेजला गेलेली ती पहिलीच.

फेब्रुवारीतला सोमवार. दहा ते साडेदहा सहा जण येऊन गेले. ग्रेस राहिली होती. हॉस्टेलला फोन लावावा म्हणून हात पुढे केला, तर ती समोर उभी. साधारण अकरा वीस.

"ये. आज उशीर?"

तिने जेवणाचं विचारलं नाही. बस म्हटलं, बसली नाही. आमचे शिपाई नाना — अमळनेरकडचे, रिटायरमेंटला आलेले — पाण्याचा ग्लास तिच्यापुढे ठेवून गेले.

"मॅडम, माझा पासपोर्ट द्या."

"चिठ्ठी भर."

तिने चिठ्ठी भरली. डाव्या हाताने. अक्षर वेडंवाकडं येत होतं, मी म्हटलंसुद्धा, "नीट काढ गं, कोंबडीचे पाय झालेत." चिठ्ठी परत घेतली आणि माझ्या सवयीप्रमाणे सगळ्यात खालचा रकाना पाहिला. परतीची तारीख नव्हती.

"परत कधी आणून देणार?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणून कसं चालेल? तारीख ठरली की उद्या ये."

ती थोडा वेळ उभी राहिली. कपाटाकडे बघत होती. मग गेली. मी चिठ्ठी 'अपूर्ण' ट्रेमध्ये टाकली आणि यादीवर सातवी टिक केली. वरचे रकाने मी वाचलेच नव्हते.

त्यानंतर पंधरा मिनिटांत पोलिसांच्या नोंदणी शाखेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज आला. धुळ्याहून पुढे आलेला. शनिवारी अपघातात सापडलेली एक परदेशी तरुणी बेशुद्ध आहे, ओळख पटलेली नाही, जवळ फोन किंवा कागदपत्रं नाहीत, सर्व संस्थांनी आपापल्या विद्यार्थ्यांची खात्री करून कळवावं.

मी उत्तर देणारी पहिली होते. नेहमीच असते. लिहिलं — 'सात पैकी सात हजर.'

मंगळवारी दुपारी चारला हॉस्टेलच्या रेक्टर बाई आणि त्यांच्यामागे ग्रेसची रूम पार्टनर फातुमा, रडून डोळे सुजलेले.

"मॅडम, ग्रेस शनिवारपासून रूमवर नाहीये," रेक्टर म्हणाल्या. "ही आज बोलली."

ग्रेस शनिवारी दुपारी धुळ्याला गेली होती. तिथल्या देवपूर भागात तिच्याच देशाची एक मुलगी शिकते, ती केसांच्या बारीक वेण्या घालून देते. जळगावात तसं कोणी नाही. परवानगी न घेता गेली, कारण फाइल पोलिसांकडे असताना बाहेरगावी गेल्याचं कशाला कळवायचं? रविवारी रेक्टरनी विचारलं तेव्हा फातुमाने 'बाथरूममध्ये आहे' म्हणून सांगितलं. देवपूरची मुलगी वाट बघून गप्प बसली. फोन लागेना, तरी कोणी बोललं नाही. सगळ्यांना एकच भीती — मॅडम पोलिसांना कळवतील.

"काहीतरी काय," मी म्हटलं, "काल ती माझ्यासमोर उभी होती."

"काल ती क्लासला नव्हती, मॅडम," फातुमा म्हणाली. "कुठेच नव्हती."

मी नानांना हाक मारली. "नाना, काल ग्रेस आली होती ना?"

"उनी व्हती ना ताई. मी तिले पानी दिधं. ती पिनी नही. तसाच भरेल ग्लास परत लई गऊ."

म्हणजे मी एकटीने पाहिलं नव्हतं.

एवढ्यात प्राचार्य केबिनमधून बाहेर आले. "चोवीस तास कधीच उलटलेत, मॅडम. 'न सांगता बेपत्ता' म्हणून आत्ता कळवा. उद्या कोणी विचारलं तर कॉलेजवर नको."

"सर, तसं कळवलं की तिचा व्हिसा गेला. वाढ नाही, परीक्षा नाही. पुन्हा या देशात यायचं नावही नाही."

"मग काय करू? तुम्हीच ग्रुपवर 'हजर' लिहिलंय. कशाच्या जोरावर लिहिलं?"

त्यांना दाखवायला म्हणून मी ट्रेमधून ती चिठ्ठी काढली आणि प्रथमच वरून वाचली.

नाव — ग्रेस. कारण — घरी कळवणे. कुठे जाणार — धुळे. त्याखाली दवाखान्याचं नाव, दुसरा मजला, पलंग १४.

रेक्टर बाई खुर्चीवर बसल्या. प्राचार्यांनी चिठ्ठी हातात घेतली, उलटून पाहिली, परत माझ्यापुढे ठेवली. मी एक तास मागून घेतला. माझा मोठा भाऊ देवपूरला राहतो, त्याला फोन करून दवाखान्याचं नाव सांगितलं.

"दादा, गाडी काढ. दवाखान्यात जा, दुसरा मजला, चौदा नंबर. कोण आहे बघ."

"अगं पण कोणाला बघू? नाव तरी सांग!"

"तू जा आधी. वाद घालू नकोस."

चाळीस मिनिटांनी त्याचा फोन आला. आवाज दबका. "परदेशी पोरगी आहे. शनिवारी संध्याकाळी बसस्टँडजवळ ट्रकने उडवलं म्हणे. कागदावर 'अनोळखी' लिहिलंय. उजवा हात पूर्ण प्लास्टरमध्ये आहे… तुला पलंगाचा नंबर कोणी सांगितला?"

मी फोन ठेवला. 'बेपत्ता'चा फॉर्म स्क्रीनवर उघडाच होता, तो बंद केला. कपाटातून पासपोर्ट काढला. चिठ्ठीवर कोणतीही तारीख नसताना मी दिलेला तो पहिला पासपोर्ट.

प्राचार्यांच्या गाडीने आम्ही सातच्या सुमाराला धुळ्याला पोचलो. ग्रेसच होती. चेहरा इतका सुजलेला की फोटोवरून कोणी ओळखलं नसतं. मी ओळखलं कानातल्या पिवळ्या मण्यांवरून. नर्सला विचारलं, "ही मधे शुद्धीवर आली होती का? कोणाशी काही बोलली?"

"मॅडम, शनिवारपासून पापणीसुद्धा हललेली नाही."

डॉक्टर तरुण होते, दमलेले. म्हणाले, "मेंदूवर दाब आहे. नाशिकला हलवायला हवं होतं, पण नाव-गाव नसलेला पेशंट कोणाच्या जबाबदारीवर पाठवू? आम्ही काल सगळीकडे विचारलं. कुठलीच मुलगी कमी नव्हती." मग फाइल मिटत, "काल दुपारी जरी कोणी आलं असतं ना…"

मी पासपोर्ट त्यांच्यापुढे ठेवला.

त्याच रात्री तिला नाशिकला नेलं, बुधवारी ऑपरेशन झालं. ग्रेस वाचली. पण उजवी बाजू परत आली नाही. तिची आई आली, सहा आठवडे उशाशी बसून राहिली. मग दोघी घरी गेल्या. एक सेमिस्टर बाकी होतं, ते बाकीच राहिलं. जाण्याआधी मी तिला हळूच विचारलं होतं. शनिवारी बसमध्ये बसल्यानंतरचं तिला काहीच आठवत नाही.

या सदरात पुष्कळ जण लिहितात की कोणीतरी येऊन वाचवून गेलं. मला तेवढं सरळ म्हणता येत नाही. सोमवारी माझ्या टेबलाशी कोणी आलंच नसतं, तर मी हॉस्टेलला फोन लावला असता. हात फोनवरच होता. पंधरा मिनिटांत तो मेसेज आला असता आणि दुपारी आम्ही धुळ्याला असतो. ती आली म्हणून सातवी टिक झाली. पण ती आली नसती, तर… नाही, पत्ता तर तिने लिहून दिला होता. मी वाचला नाही. हे गणित मी पुष्कळदा मांडलं, दर वेळी वेगळ्या ठिकाणी अडतं. आणि जे आलं होतं ते कळवायला आलं होतं की मला अडवून ठेवायला, हे मी स्वतःशीसुद्धा मोठ्याने विचारत नाही.

मुलांचे पासपोर्ट आता मुलांकडेच असतात.

नंतर मला पोलिसांना सविस्तर अहवाल द्यावा लागला. बाकी सगळं दहा मिनिटांत लिहून झालं. एका प्रश्नाशी मात्र मी बराच वेळ बसून होते — विद्यार्थिनीचा ठावठिकाणा आपणास कोणाकडून व केव्हा कळला? भावाकडून, असं लिहिता आलं असतं. प्राचार्यांनीही तेच सुचवलं. मी लिहिलं, 'विद्यार्थिनीने सोमवारी सकाळी कार्यालयात समक्ष येऊन लेखी कळवले,' आणि चिठ्ठीची झेरॉक्स जोडली.

नोंदणी शाखेचे साहेब वाचत वाचत त्या ओळीवर थांबले.

"मॅडम, सोमवारी ती धुळ्याला बेशुद्ध पडलेली होती."

"हो, साहेब."

"मग हे?"

"मला माहीत नाही. पण घडलं तसंच लिहिलंय."

त्यांनी झेरॉक्स उजेडात धरून पाहिली. मग पोच म्हणून शिक्का मारला आणि माझी प्रत मला दिली.