दोनदा भरलेला रोल

तिम्मप्पा नायकाला फोटोचं वेड लागलं ते एका म्हशीमुळे. हे तो स्वतःच सांगतो, आणि मीही ते खरं धरून चालते, कारण ती म्हैस मी पाहिली आहे.

तिम्मप्पा सागरच्या गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर. एकदा आमच्या हेगडे मास्तरांची म्हैस अडली. हा खांद्यापर्यंत हात आत घालून दोन तास झगडत होता आणि मास्तर, म्हैस त्यांची असून, कोपऱ्यात उभे राहून याचेच फोटो काढत होते. आठवड्यानं त्यांनी एक फोटो आणून दिला. पारडू बाहेर आलं त्या क्षणीचा तिम्मप्पाचा चेहरा. स्वतःचा चेहरा असाही होतो हे त्या बापड्याला माहीतच नव्हतं. तीन दिवस तो फोटो खिशात घालून हिंडला आणि चौथ्या दिवशी मास्तरांच्या दारात जाऊन उभा राहिला. मला शिकवा म्हणाला.

तेव्हापासून तो आमच्यात. आम्ही म्हणजे दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी आमच्या दुकानाच्या माडीवर जमणारी सात-आठ खुळी माणसं. दुकान नवऱ्याचं, माडी माझी, त्यामुळे वही माझ्याकडे आणि दटावणंही माझ्याकडे. माझं नाव वत्सला कामत. सगळे वत्सलक्का म्हणतात आणि जरा घाबरून असतात, ते बरंच आहे.

आमची पद्धत मास्तरांनी घालून दिलेली. दोरीवर चिमटे लावून फोटो टांगायचे. खाली नुसता आकडा, नाव नाही. प्रत्येकानं प्रत्येक फोटोबद्दल काहीतरी बोललंच पाहिजे. ज्याचा फोटो त्यानं चेहरा कोरा ठेवायचा आणि तोंड शिवायचं. सगळ्यांचं बोलून झालं की मी विचारते, कोणाचा? मग त्यानं हात वर करायचा. आपल्याच फोटोची बाजू घेताना जो सापडेल त्यानं पुढच्या खेपेला सगळ्यांसाठी तोडदेवू, म्हणजे आमच्याकडचे उसाच्या रसातले पातळ गोड पापड, आणायचे. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारे अच्युत पै सगळ्यात जास्त सापडतात. दुसऱ्यांच्या फोटोंची सालं काढतात आणि आपल्यावर आलं की त्यांना राहवत नाही.

तिम्मप्पा मात्र कधी सापडला नाही. तशी गरजही नसे म्हणा. दोरीवर गाय दिसली की सगळे त्याच्याकडे बघून हसत. पै म्हणायचे, "तिम्मप्पा, एकदा तरी दोन पायांचं काहीतरी आण रे." हा मान खाली घालून कॉफी पीत राहायचा.

चेष्टा मास्तरांचीही होई. अख्ख्या गावाचे फोटो काढले, पण बायकोचा एकही नाही. भागीरथम्मा काढूच देत नसत. कॅमेरा दिसला की पदर तोंडावर ओढून म्हणत, "ते यंत्र माझ्याकडे रोखू नका, सांगून ठेवते." तीस वर्षं हेच. आमच्या माडीची पायरीही त्या कधी चढल्या नाहीत.

माघात मास्तर अंथरुणाला खिळले. आतली खोली, एकच खिडकी, तीही सुपारीच्या झाडांआड. तशात त्यांनी तिम्मप्पाकडे एक रोल भरून मागितला. आम्ही तयार रोल घेत नाही. मंगळूरहून मोठं रीळ आणतो, मिट्ट अंधारात त्याचे वाववावभर तुकडे करतो आणि जुन्या डब्यांत गुंडाळतो. डबीबाहेर फिल्मची जीभ लोंबत असते. जीभ सरळ असली तर रोल कोरा. रोल छत्तीस फोटोंचा; वापरून झाला की जिभेचं टोक दुमडायचं. बाहेरून बघून ओळखायची एवढी एकच खूण. हा दंडकही मास्तरांचाच, आणि त्यात कसूर झालेली त्यांना खपत नसे.

शेवटचे आठ दिवस मास्तर पडल्यापडल्या कॅमेऱ्याशी खुडबुड करत होते. काय काढता म्हणून विचारलं तर सांगत नसत. मग गेले.

तेराव्याच्या दिवशी भागीरथम्मांनी तो रोल तिम्मप्पाच्या हातात ठेवला. मी शेजारीच होते. म्हणाल्या, "शेवटी ते काय बघत होते, तेवढं मला बघायचंय. रविवारी मी येईन तुमच्या माडीवर."

तिम्मप्पानं घरी नेऊन तो रोल बिस्किटांच्या डब्यात आपल्या कोऱ्या रोलांबरोबर ठेवला. खिशातून काढला आणि न बघता ठेवला. मास्तरांचा रोल, म्हणजे जीभ दुमडलेली असणारच. मास्तरांची बोटं थरथरत होती, दुमडायचं राहून गेलं असेल, हे त्याच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. देवाच्या मूर्तीला हात किती ते कोणी मोजतं का?

मंगळवारी उजाडता उजाडता तळगुप्प्याहून बोलावणं आलं, गाय अडली होती. यानं डब्यातून सरळ जिभेचा एक रोल उचलला. गाय सुटली, कालवड झाली, यानं पोटभर फोटो काढले, शिस्तीत जीभ दुमडली आणि घरी आला. गुरुवारी मास्तरांचा रोल धुवायला म्हणून डबा उघडला, तर दुमडलेली जीभ एकच. त्याची स्वतःची. म्हणजे मंगळवारी त्यानं उचलला तो मास्तरांचाच रोल होता.

तो माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या तोंडाला रंग नव्हता. काय झालं ते ऐकल्यावर मी त्याला गाढव म्हटलं, आणखीही बरंच काही म्हटलं. ते आज आठवलं की लाज वाटते. आमच्या न्हाणीघराच्या फटीत गोधड्या कोंबून आम्ही दोघांनी तो रोल धुतला. निगेटिव्ह उजेडात धरली तर नुसता गुंता. गाईच्या पाठीवर भिंत, माणसांच्या पायांत खिडकी. आणि त्या गुंत्यात फिकट, पुसट अशी एक बाई. पुढच्या चौकटीत तीच. त्याच्या पुढच्या चौकटीतही तीच.

तिम्मप्पा पालथ्या बादलीवर बसला आणि रडायला लागला.

मी त्याला सुचवलं, सांगून टाक की फिल्मला उजेड लागला, सगळं गेलं. होतं असं कधीकधी, कोणाला कळणार आहे?

"मास्तरांच्या रोलवर खोटं बोलू, वत्सलक्का?" एवढंच म्हणाला. मग निगेटिव्ह पुन्हा उजेडाकडे धरून बराच वेळ बघत बसला आणि एका चौकटीवर बोट ठेवलं. ही मोठी करूया म्हणाला. रीतसर दोरीवर लावीन, सगळे बोलतील, मग भागीरथम्मांसमोर उभा राहीन. मग त्या मला काय करायचं ते करोत.

रविवारी भागीरथम्मा आल्या. कषायाचा, म्हणजे धने-जिऱ्याच्या काढ्याचा, तांब्या घेऊन आल्या, मास्तरांना आमची कॉफी कधी आवडली नाही म्हणाल्या. पहिले सहा फोटो झाले. मी सातवा टांगला आणि माडीवर कोणी बोलेना.

तो फोटो मी रोज बघते, तरी नीट सांगता येत नाही. एक बाई भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपली आहे. तोंड जरा उघडं, केस सुटलेले, पदर नाही. तिच्या मांडीत एक ओलं वासरू पुढचे गुडघे टेकून उठतं आहे. गोठ्याच्या दारातून आलेला सकाळचा उजेड वासराच्या पाठीवरून येऊन तिच्या कपाळापर्यंत गेलेला आहे. ती खोली कुठे संपते आणि गोठा कुठे सुरू होतो ते शोधूनही सापडत नाही. मी स्वतःच्या हातानं तो कागद पाण्यातून काढला होता, तरी माझ्या अंगावर काटा आला.

बोललं तर पाहिजेच, म्हणून सगळे एकेक वाक्य बोलले. पै चष्मा काढून म्हणाले, दोन निगेटिव्ह जोडून केलेलं काम आहे, आणि करणाऱ्याचा मला हेवा वाटतो. पैंनी असं कोणाबद्दल म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. तिम्मप्पा जमिनीकडे बघत होता. त्याचे कान लाल झाले होते.

भागीरथम्मा उठल्या आणि अगदी जवळ जाऊन उभ्या राहिल्या.

"ही मी," त्या म्हणाल्या.

मी रीतीप्रमाणे विचारलं, सात नंबर कोणाचा? हात वर आला नाही. तिम्मप्पा उभा राहिला आणि त्यानं डब्यापासून कालवडीपर्यंत सगळं सांगितलं. शेवटी हात जोडून म्हणाला, "छत्तीस होते, अक्का. मी सगळ्यांची माती केली."

भागीरथम्मा फोटोकडेच बघत राहिल्या. पैंनी मात्र निगेटिव्ह मागितली. खिडकीपाशी नेऊन, डोळ्याला भिंग लावून ते टोकापर्यंत बघत गेले आणि मग त्यांनी विचारलं, "तू किती काढलेस?"

तीस, तिम्मप्पा म्हणाला. कालवड पायावर उभी राहिली, मग बंद केलं.

"म्हणजे शेवटचे सहा नुसते मास्तरांचे. हे बघा."

आम्ही बघितलं. त्या सहा चौकटी काचेसारख्या स्वच्छ होत्या. त्यांत काहीच नव्हतं. गुरुवारी रडारडीत आम्ही तिकडे पाहिलंच नव्हतं.

पैंनी आम्हाला शिकवल्यासारखं समजावून सांगितलं, पण त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. खोली अंधारी. थरथरत्या बोटांनी मास्तरांकडून उजेड किती घ्यायचा ते ठरवणारी कॅमेऱ्याची चकती भलत्याच आकड्यावर फिरली असणार, रखरखीत उन्हात ठेवतो त्या. उजेड फिल्मवर पडला, पण उमटण्याइतका पडला नाही. दार फुगलेलं असलं की एका धक्क्यानं उघडत नाही, तसं. वरून तिम्मप्पाच्या उजेडाचा दुसरा धक्का बसला आणि ते उघडलं.

"तू हा रोल नुसता धुतला असतास," पै म्हणाले, "तर छत्तीसच्या छत्तीस कोरे निघाले असते."

खाली दुकानात नवरा कोणाला तरी वह्या दाखवत होता, ते वर स्पष्ट ऐकू येत होतं.

भागीरथम्मांनी तिम्मप्पाला विचारलं, बाकीच्या एकोणतिसांत काय आहे?

"तुम्हीच आहात, अक्का. सगळ्यांत."

त्या पुन्हा फोटोकडे वळल्या. म्हणाल्या, "जागी असताना मी काढू दिला नाही. मग झोपल्यावर काढला होय, लबाडानं." आणि पदर तोंडाला लावला. आम्हाला वाटलं रडताहेत. हसत होत्या. मग दोन्ही.

पैंनी मला खुणावलं. वहीत नाव लिहायचं राहिलं होतं. मी पुन्हा विचारलं, सात नंबर कोणाचा? तिम्मप्पा तसाच उभा. भागीरथम्मांनी त्याचं मनगट धरून वर केलं. मग मास्तरांच्या वतीनं आपला दुसरा हातही वर केला.

वहीत सातच्या पुढे मी दोन नावं लिहिली. त्या पानावर माझं अक्षर फार वाईट आलं आहे.