प्रसादाचा पेढा आणि ह्यांचा अंगठा

आमच्या ह्यांना बायपास होऊन वर्ष झालं. मधुमेह त्याहून जुना. कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात जन्म गेलेला माणूस, दुखलं-खुपलं सांगायची सवयच नाही. त्यात पायांची जाणीव कमी झालेली, त्यामुळे नवी चप्पल अंगठ्याला लागली तेही कळलं नाही. जखम चिघळली तेव्हा डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "साखर आटोक्यात आली नाही तर अंगठा काढावा लागेल."

मग मी कंबर कसली. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, भात नावाला, शेंगाचटणीवर तेल बंद. फिरायला मनाई होती, म्हणून खुर्चीत बसल्या बसल्या हातांचे व्यायाम करून घ्यायची. सकाळी मशीनवर साखर बरी यायची, रात्री जेवणाआधी मात्र आकडा चढलेला! मी गोळ्यांवर संशय घेतला, भाकरीवर घेतला. ह्यांना विचारलं तर म्हणायचे, "तू देतीस तेवढंच खातो की."

हे रोज संध्याकाळी शेजाऱ्यांच्या गाडीवर बसून दत्ताच्या देवळात जायचे. तिथले जुने सेवेकरी ना! एका गुरुवारी मीही गेले. आरती झाली आणि जो तो आधी ह्यांच्या हातावर पेढा ठेवू लागला. कुणाला नात झालेली, कुणाची नोकरी पक्की झालेली. हे पेढा कपाळाला लावायचे आणि तोंडात टाकायचे. एक झाला, दुसरा झाला, तिसरा!

"अहो, हे काय चाललंय?"

"परसाद हाय की. परसादानं कुटं साखर वाढती व्हय?"

थट्टा नव्हती ती. त्यांच्या लेखी ते खाणं नव्हतंच. माझं डोकंच फिरलं. "यापुढं ह्यांच्या हातावर कुणी पेढा ठेवला तर आरतीच्या ताटात साखरेचं मशीन आणून ठेवीन," असं मी सगळ्यांदेखत सुनावलं.

घरी आल्यावर हे म्हणाले, "चारचौघांत शोभा केलीस."

"केली! भीती वाटते हो मला. अंगठ्यावरच थांबलं नाही तर?" बोलता बोलता मला रडूच फुटलं.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा बरोबर गेले. ह्यांनी पेढा घेतला, कपाळाला लावला आणि माझ्या हातावर ठेवला. प्रसाद नाकारला नाही आणि खाल्लाही नाही. तेव्हापासून रोज तसंच चाललंय. सगळे मीच खाल्ले तर माझंही मशीन आणावं लागेल, म्हणून मी ते शेजारणींना वाटते. रात्रीची साखर हळूहळू उतरत गेली.

काल डॉक्टरांनी पट्टी सोडली. आत गुलाबी, नवी कातडी. "अंगठा वाचला," ते म्हणाले. मी खाली बसून ह्यांचं पाऊल दोन्ही हातांत घेतलं. पाया पडतेय असं वाटून हे लाजले, पाय मागं घेऊ लागले.

"राहू द्या की जरा," मी म्हटलं, आणि तशीच धरून बसले.