सोडणासकट नारळ

सातवीच्या वर्गाला मी दरवर्षी फळ्यावर प्लावक बलाचे बाण काढून दाखवते, तेही मोठ्या ऐटीत. मला स्वतःला मात्र पोहता येत नव्हतं. "लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण," असं नवरा चिडवायचा. फुलपाड्याच्या फ्लॅटमध्ये वाढले मी. पाणी बादलीपुरतंच ठाऊक.

गेल्या मे महिन्यात वटारला सासरी गेलो, तेव्हा आठ वर्षांच्या लेकीनं अट घातली, "आई उतरली तरच मी बावखलात उतरणार." बावखल म्हणजे आमच्या वाडीतलं, माडांखालचं लहानसं तळं. या घरातली सगळी पोरं त्यातच पोहायला शिकलेली. माझ्या भीतीपायी हिचंच राहणार, हे माझ्या जिवाला फार लागलं.

सासूबाई म्हणाल्या, "जा, दोन नारळ घेऊन ये. कमरेला बांधू." मी लगबगीनं स्वयंपाकघरातले दोन आणले. सोललेले, शेंडीवाले, कानाशी हलवून पाणी वाजतंय ना ते बघून निवडलेले. बाजारात आम्ही नारळ असाच घेतो.

त्या हसत हसत बावखलाच्या पायरीवरच बसल्या. "अगं, ह्यांची चटनी करायची."

माझा एक नारळ त्यांनी पाण्यात टाकला. त्यानं जेमतेम टाळू वर काढली. मग माडाखाली रचलेल्या ढिगातला, सोडण न काढलेला सुका नारळ टाकला. हाताला हा जास्त जड, पण पाण्यावर ऐसपैस तरंगला. सोडणाच्या काथ्यात हवाच हवा. वजनाच्या मानानं तो जागा जास्त अडवतो, म्हणून पाणी त्याला वर ढकलतं. हेच मी पंधरा वर्षं शिकवत आलेय.

तसले दोन नारळ बांधून मी उतरले आणि गुडघे पोटाशी घेऊन सासूबाईंच्या हाताला लटकले.

"अंग आवळू नको. पानी उचलते तुला, तू उगा त्याच्याशी भांडते."

मी हात सैल सोडले, मान मागं टाकली. कानात पाणी गेलं, वर झावळ्या दिसल्या. सासूबाईंनी हात कधीच काढून घेतला होता. मला इतका आनंद झाला की मोठ्यानं हसले, आणि नाकातोंडात पाणी जाऊन ठसका लागला.

लेक पायऱ्या उतरून आली. तिच्याही कमरेला दोन नारळ होते, पण तिनं धरला तो माझा खांदा, सगळा भार टाकून.

मी बुडले नाही.