सात वर्षांच्या मापाचा फ्रॉक

लेक खोटं बोलते आहे हे तिचं तिला ठाऊक आहे की नाही, एवढंच आईला कळत नव्हतं. ठाऊक असेल तर रडूनभेकून ते कधीतरी संपेल. ठाऊक नसेल तर? त्या 'तर'च्या पुढे तिचं डोकं चालत नव्हतं. दुपारी येऊन गेलेल्या पाहुणीचा चहाचा कप मोरीत तसाच पडला होता आणि तो विसळायलासुद्धा तिचा हात होत नव्हता.

लेक धक्क्यावर गाडी चालवायची. प्रवासी जहाज बेटाला लागलं की सकाळी उतारू खाली येत, दिवसभर धबधबा, किनारा, टोप्यांची दुकानं असं हिंडत आणि संध्याकाळी भोंगा झाला की परत जहाजावर चढत. त्यांच्यासाठी ड्रायव्हर नंबर लावून उभे असत. त्यांत बाई ही एकटीच. कमरेवर हात ठेवून उभं राहायच्या तिच्या ऐटीमुळे बाकीचे तिला 'कॅप्टन' म्हणत.

"काय कॅप्टन, धबधब्याला पाणी आहे का आज, की नळाखालीच उभं करणार सगळ्यांना?" कुणी चिडवलं की ती म्हणे, "तुझ्या गाडीचं छत गळतंय ना, तिथेच घालते आंघोळ."

शाळेत कधी हात वर न करणारी आपली मुलगी इतकी बोलकी झाली, याचं आईला कौतुक वाटायचं. ती उतारूंशी काय बोलते ते मात्र आज दुपारी कळलं.

जहाजाच्या दिवशी लेक कधी दुपारी घरी येत नसे. आज गाडी दाराशी थांबली. मोठी टोपी घातलेली एक वयस्कर बाई उतरली. जहाजावरून उतरताना छातीवर लावतात ती पिवळी चकती अजून तशीच होती.

"आई, पाहुण्या आल्यात," एवढं बोलून लेक उंबऱ्यापाशीच किल्ल्यांशी खेळत उभी राहिली.

"तुम्हीच ना ठकीच्या आजी?" पाहुणीने हसत विचारलं.

आईने दाराची चौकट धरली. ठकी ही तिची नात. चार वर्षांची होती तेव्हा तापाने गेली. तेही जहाजाच्याच दिवशी, लेक उतारूंना धबधब्यावर घेऊन गेली असताना, आजीच्या मांडीवर. गेली दोन-अडीच वर्षं या घरात ते नाव कुणी घेतलं नव्हतं. सुरुवातीला जावई घ्यायचा. नाव घेऊन रडायचा. "गेली ती, गेली," असं मोठ्याने म्हणायचा. एकदा लेक त्याच्यावर किंचाळली, "असं बोलू नकोस, ती घाबरते!" आईला वाटलं, दुःखात माणूस काहीही बोलतं. तिनेच जावयाला म्हटलं, थोडे दिवस लांब राहा. तो दुसऱ्या बंदरात कामाला लागला, तो तिकडचाच झाला.

पाहुणी आरामात खुर्चीत टेकली. "मी मागेही या बेटावर येऊन गेले बरं का. तेव्हा हिच्याच गाडीत होते. धबधबा काही लक्षात नाही, पण लेकीबद्दल सांगत होती ते सगळं आठवतंय. पाव कुरतडत बसते, गाडीत पुढेच बसायचा हट्ट, शाळेत बाईंना उलट उत्तरं. माझी नातवंडं इतकी लांब! म्हटलं, यंदा जहाज पुन्हा तिथे थांबतंय तर काहीतरी शिवून न्यावं." तिने पिशवीतून निळा फ्रॉक काढून मांडीवर पसरला. "आता सात पूर्ण ना? शिवणीत थोडं जास्त कापड ठेवलंय. उसवलं की आणखी वर्षभर होईल."

एकदा गेलेला उतारू परत येत नाही, या भरवशावर धक्क्यावर सगळेच गोष्टी सांगत. एकाचा आजोबा जहाजं लुटणारा समुद्री चाचा होता, दुसऱ्याच्या झोपडीत म्हणे राणी उतरली होती. दुसऱ्या ड्रायव्हरच्या उतारूसमोर त्याची गोष्ट खोटी पाडायची नाही, हा तिथला नियम. हा उतारू मात्र परत आला होता.

"शाळा कधी सुटते?" पाहुणी म्हणाली. "भोंग्याला अवकाश आहे. मी थांबते. तिला घालूनच बघू."

आईने लेकीकडे पाहिलं. वाटलं होतं, तिच्या डोळ्यांत 'वाचव' असं काहीतरी असेल. तसं नव्हतं. शाळा कधी सुटते हे आपल्यालाही ऐकायचंय, अशी ती आईकडे बघत होती.

"आज सहल आहे तिची," आई म्हणाली. "उशीर होईल."

"अगं हो, सहल! विसरलेच मी," लेक म्हणाली. "टोपी दिलीस ना तिला?"

"दिली."

पाहुणी हळहळली. निदान फोटो दाखवा म्हणाली. लेकीने मोबाइलवरचा एक दाखवला.

"ही तर अगदी लहान आहे!"

"आता काढूच देत नाही हो. लाजते."

धक्क्यावर पोचवायला आईही निघाली. लेकीला एकटीला सोडवेना. आई पुढचं दार उघडायला गेली तर लेक म्हणाली, "तिथे नको, मागे बस." पुढच्या रिकाम्या सीटवर पट्टा लावलेला होता. मागच्या सीटखाली आईच्या पायाला पिशव्या लागल्या. एकीत रंगपेट्या, एकीत बाहुल्या, एकीत बूट. बुटांचे जोड लहानापासून मोठ्यापर्यंत, कोरे करकरीत. वर्षावर्षाला मापं वाढत गेली होती.

धक्क्यावर पाहुणी लेकीला मिठी मारून गेली. नंबर लावणारा म्हातारा मुकादम आईपाशी येऊन उभा राहिला.

"तुम्हाला ठाऊक होतं?" आईने विचारलं.

"सगळ्यांनाच. पण आपला नियम आहे ना, ताई." त्याने नजर चुकवली. "आणि ती सांगते इतकं छान... कधी कधी आम्हीसुद्धा विचारतो, काय म्हणते पोरगी?"

आई स्वतः तरी काय वेगळं वागली होती?

परतताना लेक म्हणाली, "आई, सहलीचं बरं सुचलं तुला."

आईचा जीव भांड्यात पडला. म्हणजे कळतंय हिला. सगळं कळतंय. "बाळा," तिने पुढे वाकून लेकीच्या खांद्यावर हात ठेवला, "आपण जरा बोलूया का?"

"बोलू की. पण आधी काहीतरी खायला कर. दिवसभर उन्हात असेल, भुकेली येईल गं."

आता लेक अंगणात गाडी धूत होती. निळा फ्रॉक तिने खुर्चीच्या पाठीवर, चुरगळणार नाही असा टाकला होता. बादलीचा आवाज येत होता, आणि मधूनच तिचं बोलणं. आई खिडकीशी गेली.

"पाय वर घे," लेक गाडीच्या पुढच्या दारातून म्हणत होती. "भिजशील ना."

आई मागे सरली. बाहेर जावं, खांदे धरून तिला हलवावं आणि म्हणावं, ठकी नाही गं, तुझी ठकी नाही! पण जिने दुपारी सहलीची टोपी दिली म्हणून सांगितलं, तिच्या तोंडून हे आता कोण खरं मानणार?

हे शब्द या घरात एकाच माणसाने उच्चारले होते, आणि त्याला तिनेच लांब धाडलं होतं. तिकडे त्याने कदाचित दुसरं घर केलं असेल. आला तरी लेक त्याच्यावर पुन्हा किंचाळेल, या वेळी कदाचित थांबणारच नाही. त्याने काही बरं होईल अशी आशा आईला नव्हती. पण ठकी गेली हे ज्याला ठाऊक आहे असं आणखी एक माणूस तिला घरात हवं होतं. नाहीतर उद्यापरवा तीही दोनाऐवजी तीन ताटं घेईल, याची तिला भीती वाटू लागली होती.

बाहेर बादली उपडी झाल्याचा आवाज आला. आईने खिडकी लावून घेतली आणि ती फोनमध्ये जावयाचा नंबर शोधू लागली.