काचेच्या कडेवर अडलेला धनाजी

बातमी आली तेव्हा मी धनाजीवर चिडलेली होते. सकाळपासून त्याला फोन लावत होते, तो उचलत नव्हता, आणि त्याच्याच हट्टापायी केलेल्या नव्या काचा प्रयोगशाळेत वाळत पडल्या होत्या. समोर आला की काय काय सुनवायचं, याची मनात जुळवाजुळव चालली होती. तेवढ्यात त्याच्या हॉस्टेलमधल्या रूममेटचा फोन आला. डेंग्यूचा ताप त्यानं अंगावर काढला होता, दवाखान्यात नेलं तोवर उशीर झाला होता... ताप आहे हे मला ठाऊक होतं. डॉक्टरकडे जा म्हणून मी त्याच्या डोक्याशी बसून सांगितलं होतं, तर म्हणाला, एवढं गणित बघतो आणि जातो. या गोष्टीला आता दोन महिने होत आले. भेटणारे विचारतात, सावरलीस का? सावरण्याचं मला काही कळत नाही. राग मात्र तसाच आहे.

आमचं काम काय ते आधी सांगायला हवं, त्याशिवाय हा माणूस किती छळायचा ते कळायचं नाही. आम्ही दोघंही एकाच सरांकडे पीएचडी करत होतो. मी काचेची पट्टी द्रावणात बुडवून ठेवायची, मग तिच्यावर एक पातळ थर चढतो. साध्या डोळ्यांना तो नुसता पांढुरका डाग दिसतो, पण मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं की केसाच्या हजाराव्या भागाएवढ्या बारीक सुया दाटीनं उभ्या असतात. भाताच्या कोवळ्या रोपांचा तरवा उठल्यासारखा, असं धनाजी म्हणायचा. या सुया किती दाट येतील, किती उंच होतील, हे समीकरणं मांडून आधीच सांगायचं, हे त्याचं काम. आणि काचेच्या मध्यभागी त्याचं गणित असं चपखल बसायचं की सर खूश होऊन आम्हाला चहा पाजायचे. कडेला मात्र ते कधीच जुळलं नाही.

आता कडेला कुणाचंच काही जुळत नाही. कडेला थर नीट बसत नाही, म्हणून तो ओल्या कापसानं पुसून टाकायचा आणि मधला तुकडा तपासायला न्यायचा, हे आम्हाला सीनियरनी शिकवलं, आम्ही ज्युनियरना शिकवलं. धनाजीनं ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या हातातला कापूसच काढून घेतला.

"कड पुसलीस तर मी गणित कशाचं मांडू, भावा? सगळं सुरू तिथनंच हुतंय की."

मुलींनाही तो भावाच म्हणायचा. त्या दिवसापासून माझ्या मागे जो लागला तो लागलाच. द्रावण थंड असताना काच बुडव, गरम असताना बुडव, उभी ठेव, आडवी ठेव, आणि प्रत्येक वेळी कडेला हात लावायचा नाही. एकदा महिनाभर खपून माझी एक काच फार सुंदर उतरली होती. मी चहाला गेले, परत येते तर यानं ती काच कापायच्या हिरकणीनं मधोमध कापलेली. बाजूनं कशी दिसते बघायचं होतं म्हणे. मी इतकी ओरडले की शेजारच्या विभागातले लोक डोकावून गेले. तो शांतपणे म्हणाला की नवी कर, मी मदतीला थांबतो. आणि खरंच थांबला, म्हणजे शेजारी स्टूल टाकून सूचना देत राहिला.

हा स्वभाव जुनाच. तो चंदगडकडचा, घरी भात आणि काजू. एमएस्सी झाल्यावर कागलच्या एमआयडीसीत एका कारखान्यात ओतीव भाग तपासायच्या कामाला लागला होता. तिथं त्यानं इतका माल नापास केला की सुपरवायझरनंच त्याला पुढं शिकायचा सल्ला दिला. हे तो मोठ्या कौतुकानं सांगायचा. ऐकणाऱ्याला मात्र सगळी सहानुभूती सुपरवायझरबद्दल वाटायची.

आमच्याकडे प्रबंध सादर केला की अख्ख्या प्रयोगशाळेला तांबडा-पांढरा खायला घालायची पद्धत आहे. धनाजी सगळ्यांच्या जेवणाला हजर असायचा, रस्सा मागून मागून प्यायचा. एकदा पन्हाळ्यावर असंच कुणाचं तरी जेवण होतं. आम्ही सगळे पानावर बसलो आणि हा बाहेर, गाडीच्या काचेवर धुक्याचे थेंब कडेला कसे जमतात ते बघत उभा. मी बोलवायला गेले आणि तिथंच भांडले. एका कॉलेजात माझ्या विषयाची जागा निघणार होती, पण पीएचडी हातात असल्याशिवाय अर्ज करता येत नव्हता. माझं शेवटचं प्रकरण आमच्या दोघांच्या कामावर होतं, आणि हा त्याला हो म्हणत नव्हता. सगळं जग कड सोडून देतं, तुलाच काय झालंय, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "लोकांस्नी दिसत न्हाय म्हणून त्यांचं चाललंय. मला दिसतंय, त्याला काय करू?" आणि मग जेवायला आला, माझ्या शेजारी बसून चार वाट्या पांढरा प्याला. मी त्याच्याशी आठवडाभर बोलले नाही, हे त्याच्या लक्षात तरी आलं का कोण जाणे.

तो गेल्यावर पंधरा-वीस दिवसांनी सरांनी मला बोलावलं. त्यांनाही जड जात होतं. म्हणाले, मधल्या भागाचं गणित निर्विवाद आहे, ते घाल, कडेचा भाग विचारात घेतलेला नाही असं एक वाक्य लिही आणि प्रबंध देऊन टाक. त्यात खोटं काहीच नव्हतं. मी वाक्य लिहिलं, प्रकरण सरांना दिलं आणि मोकळी झाले.

त्याच आठवड्यात त्याची आई त्याचं सामान न्यायला आली. मी तिला प्रयोगशाळेत घेऊन आले, त्याचं टेबल दाखवलं. तिनं टेबलावर हात ठेवला. मग तिनं विचारलं, "त्यो म्हणायचा, माझं गणित चुकतंय आई, म्हणून वेळ लागतोय. लईच चुकत हुतं का गं त्येचं?"

मला पुन्हा त्याचा संताप आला. घरी हा असं सांगायचा... आईला इतकी वर्षं वाटत होतं की पोराला झेपत नाहीये. मी म्हटलं, नाही हो आई, चुकत नव्हतं, आमच्यात सगळ्यात हुशार तोच होता.

"मग लिवून का दिलं न्हाय त्येनं?"

हाच प्रश्न मी त्याला इतकी वर्षं ओरडून ओरडून विचारला होता. मी एक काच तिच्या हातावर ठेवली आणि सांगायला लागले. मधलं सगळ्यांनाच जमतं. पण थर धरायला लागतो तो कडेपासून, आणि तिथं काय होतं हे ज्याला सांगता येत नाही, त्याचं मधलं बरोबर आलं तरी ते का बरोबर आलं हे त्याला सांगता येत नाही. म्हणून कड सोडून चालत नाही. मी बोलतच राहिले, हात हलवत, आवाज चढवत, जणू ती माझ्याशी वाद घालत होती. माझं संपल्यावर तिनं काच दोन्ही हातांनी धरून मला परत दिली.

"म्हंजे तुझं बी अजून झालं न्हाय की, पोरी," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी सरांकडून प्रकरण परत मागून घेतलं. सर चिडलेत, आणि त्यांचं काही चूक नाही. जागेची जाहिरात येऊन गेली. मी आता धनाजीच्या टेबलापाशी बसते, त्याची समीकरणं पुढ्यात घेऊन. कड अजून जुळत नाही. आज दुपारी तर इतकी वैतागले की त्याला चार शब्द सुनवायला म्हणून शेजारच्या स्टुलाकडे वळले.