चंपाबाई आणि रॅमची पट्टी

बिबवेवाडीच्या चौकात भाजी विकणाऱ्या चंपाबाईंचा कुणावर चटकन विश्वास बसत नसे. नवरा सुखदेव "आमटी झकास झालीय" म्हणाला, तरी त्या विचारायच्या, "काय पाहिजे?"

नव्व्याण्णव साली, दसऱ्याच्या तोंडावर, त्यांच्या लेकीला, निकिताला, घरबसल्या टायपिंगचं काम मिळत होतं. सोमवारपर्यंत घरात कॉम्प्युटर आला तर काम तिचं, नाहीतर दुसरीचं. म्हणून शनिवारी सकाळीच मायलेकी कसबा पेठेत बद्रीनाथच्या दुकानात गेल्या. तो सुटे भाग जोडून कॉम्प्युटर बनवून द्यायचा.

त्यानं कंगव्याएवढी हिरवी पट्टी पुढं ठेवली. "ही रॅम. हिच्याशिवाय मशीन चालत नाही. पण मावशी, भाव दुप्पट झालाय. तैवानला भूकंप झाला ना, हिच्या चिपा तिकडंच बनतात!"

"भूकंप तिकडं झाला. तुमच्या खणातली पट्टी हलली का?"

"नवा माल चढ्या भावानं येणार, मग जुना स्वस्तात कसा देऊ?"

चंपाबाईंनी डोळे बारीक केले. टोमॅटो महागला की हेच त्या गिऱ्हाइकाला ऐकवायच्या. त्यामुळे तर संशय जास्तच बळावला.

"चल गं. दिवेलागणीला येऊ. दुकान आवरताना आपोआप उतरेल."

"आई, ती काय कोथिंबीर आहे का सुकायला?"

"तू गप. माल तो माल."

दिवेलागणीला परत आल्या, तर भाव आणखी चढलेला! "दुपारी मुंबईहून फोन आला," बद्रीनाथ म्हणाला. निकिता ओढणीचं टोक पिळत राहिली. ते मात्र चंपाबाईंना बघवेना.

"अर्ध्या ताकदीची बसवा," त्या म्हणाल्या. "पण माझ्यासमोर. आणि उरलेली रिकामी जागा दाखवा. भाव उतरला की तिथं दुसरी बसवू."

बद्रीनाथनं पत्रा काढून जागा दाखवली. चंपाबाईंनी तिथं बोट घालून पाहिलं, मगच पैसे काढले.

सोमवारी निकिताचं काम सुरू झालं. मशीन रखडत चाले. एक पान उघडेपर्यंत तिची भाजी निवडून व्हायची. पण काम हातचं गेलं नाही.

चंपाबाई मात्र अधूनमधून पेठेत जाऊन भाव विचारत. बद्रीनाथ म्हणे, "चढाच आहे." मग त्या शेजारच्या दोन दुकानांत विचारत. तिथंही तेच उत्तर.

"बघितलंस?" घरी येऊन त्या सुखदेवला म्हणाल्या. "तिघंही मिळालेले आहेत!"